विश्लेषण : संगणकाची कडक सुरक्षा किती सैल करायची? ‘७७७’पासून फोनमधल्या एका बटणापर्यंत…

‘आरटीओ चलन’ किंवा ‘लग्नाची पत्रिका’ अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते. तिच्यावर बोट ठेवले तरी फोन ती लगेच बसवून घेत नाही. ‘या स्रोतावरून ॲप बसवण्याची परवानगी नाही’ असे सांगून तो थांबतो आणि सोबत सेटिंगकडे जाणारा रस्ताही दाखवतो. तिथे एक बटण सरकवले की अडथळा संपतो. खात्यातले पैसे जाण्याच्या अनेक प्रकरणांची सुरुवात याच बटणापासून होते. मात्र ‘काम अडले, म्हणून सुरक्षा थोडी सैल केली’ ही गोष्ट फोनपेक्षा खूप जुनी आहे. मोठमोठ्या सर्व्हरचे जाणकार व्यवस्थापकही वर्षानुवर्षे तेच करत आले आहेत. आणि काही वेळा सैल करणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरला आहे.

फोनचा ‘बहुवापरकर्ता’ प्रणालीशी संबंध काय?

फोन एकट्याचा असतो, पण त्याच्या आतली प्रणाली तसे मानत नाही. अँड्रॉइड हे लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे आणि लिनक्सने युनिक्सची रचना घेतली आहे. युनिक्स घडत होते १९६९ पासून, म्हणजे एक संगणक अनेकांनी वाटून वापरण्याच्या काळात. एकाची फाइल दुसऱ्याने उघडू नये, एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याचे काम बिघडवू नये, ही त्या रचनेची पहिली गरज होती. त्यासाठी प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक मिळतो. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी.

अँड्रॉइडने हीच युक्ती वेगळ्या कामाला लावली. माणसाला नव्हे, तर प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक दिला. हे क्रमांक १०,००० पासून पुढे सुरू होतात. म्हणजे बँकेचे ॲप, गेम आणि फोटो सजवण्याचे ॲप हे फोनच्या दृष्टीने एकाच वाड्यातले तीन वेगळे भाडेकरू. एकाची खोली दुसऱ्याला उघडता येत नाही. ज्याच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, तो शंभरेक भाडेकरूंच्या वाड्याचा मालक आहे; फक्त ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

‘७७७’ हा काय प्रकार आहे?

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन प्रकारच्या परवानग्या असतात : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. वाचण्याला चार, लिहिण्याला दोन, चालवण्याला एक अंक. तिन्ही दिल्या तर बेरीज सात. हे तिघांसाठी ठरवायचे असते : फाइलचा मालक, त्याचा गट आणि उरलेले सगळे. ‘६४०’ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने फक्त वाचावे, बाकीच्यांनी काहीच करू नये. ‘७७७’ म्हणजे कोणीही यावे आणि काहीही करावे.

समजा, एका शाळेची वेबसाइट आहे. शिक्षक फोटो चढवू पाहतात आणि ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येतो. कारण साधे असते. फोल्डर एका वापरकर्त्याच्या नावावर आहे आणि वेबसर्व्हर दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो. उपाय म्हणजे फक्त त्या फोटोंच्या फोल्डरची मालकी किंवा गट बदलणे. पण दुपारपर्यंत फोटो दिसलेच पाहिजेत, अशा घाईत अख्ख्या साइटवर ‘सीएचमॉड ७७७’ ही आज्ञा दिली जाते. फोटो चढतो, सगळे खूश होतात. मात्र आता वेबसर्व्हरला साइटचा स्वतःचा कोडही बदलता येतो. एखाद्या जुन्या प्लगइनमधल्या छिद्रातून कोणी आत आला, तर त्याला मुखपृष्ठ बदलण्यापासून प्रवेश अर्जातले तपशील परस्पर दुसरीकडे पाठवण्यापर्यंत मुभा मिळते. त्याच यंत्रावर आणखी दहा जणांची खाती असतील, तर त्या दहा जणांनाही.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. वैतागलेला व्यवस्थापक कधी कधी संपूर्ण डिस्कवरच ‘७७७’ चालवतो. आता तरी सगळे अडथळे संपतील अशी त्याची समजूत असते. होते उलटेच. दूरवरून सर्व्हरशी जोडणारी ‘एसएसएच’ सेवा आपली खासगी किल्लीची फाइल सगळ्यांना उघडी दिसली की ती किल्ली वापरायलाच नकार देते. ‘सुडो’ ही तात्पुरता रूट अधिकार देणारी आज्ञाही बंद पडते. कारण तिच्या फाइलवर एक खास खूण असते आणि ‘७७७’ लिहिताना तीच पुसली जाते. दारे सगळी उघडी, पण मालक स्वतः बाहेर! आधी कोणत्या फाइलला कोणती परवानगी होती, याची नोंद आपोआप राहत नाही. त्यामुळे अशा वेळी बहुतेक जण यंत्र पुन्हा पहिल्यापासून उभे करतात.

विंडोज वापरणाऱ्या छोट्या कार्यालयांतही हेच घडते. हिशेबाची फाइल शेजारच्या संगणकावर उघडत नाही, म्हणून सामायिक फोल्डरला ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ देऊन टाकतात. मग एका टेबलावरच्या संगणकात रॅन्समवेअर शिरला, की तो त्या फोल्डरमधल्या सगळ्या वर्षांच्या फाइली कुलूपबंद करतो. त्या संगणकाला तेवढा अधिकार कोणी तरी एका दुपारी देऊन ठेवलेला असतो.

कडक नियमांनीच घोटाळा केला, असे कधी झाले?

झाले, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण लिनक्सच्या जगातलेच आहे.

वर सांगितलेल्या जुन्या पद्धतीत एक मोठी उणीव होती. एखाद्या वापरकर्त्याने चालवलेल्या प्रोग्रॅमला त्या वापरकर्त्याचे सगळे अधिकार मिळतात. पीडीएफ दाखवणाऱ्या साध्या प्रोग्रॅमलाही त्याच्या सगळ्या फाइली वाचता येतात. त्याला त्याची गरज नसते, पण नियम तसा आहे. अमेरिकेच्या ‘नॅशनल सिक्युरिटी एजन्सी’ने, म्हणजे एनएसएने, यावर ‘एसईलिनक्स’ नावाचा उपाय तयार केला आणि डिसेंबर २००० मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. २००३ मध्ये तो लिनक्सच्या मुख्य गाभ्यात दाखल झाला. (हेरगिरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने कुलूप फुकट वाटावे, यावर तेव्हाही भुवया उंचावल्या होत्या. मात्र कोड खुला असल्याने तो जगभरच्या लोकांना तपासता आला.)

या पद्धतीत प्रत्येक फाइलवर आणि प्रत्येक चालू प्रोग्रॅमवर एक लेबल असते. कोणत्या लेबलच्या प्रोग्रॅमने कोणत्या लेबलच्या फाइलला हात लावावा, याची यादी आधीच लिहिलेली असते. यादीत नाही ते नाही. मग तो प्रोग्रॅम रूटच्या नावाने चालत असला तरी! सोसायटीच्या उदाहरणात सांगायचे तर जुन्या पद्धतीत किल्ली असली की घरात कुठेही फिरता येते. नव्या पद्धतीत किल्ली असूनही नळ दुरुस्त करणाऱ्याला न्हाणीघरापलीकडे जाता येत नाही.

कागदावर हे उत्तम होते. मे २००४ मध्ये ‘फेडोरा कोअर २’ ही लिनक्सची आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे कडक धोरण होते. यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी नियम हवा, असा त्याचा आग्रह. आणि इथेच गाडी अडली. सामान्य माणूस संगणकावर काय काय करतो, याची पूर्ण यादी कोणालाच लिहिता येत नव्हती. चाचणी आवृत्त्यांत रोजची कामे अडू लागली. शेवटी ती आवृत्ती बाजारात आली तेव्हा एसईलिनक्स मुळात बंद ठेवलेले होते. कडक सुरक्षा तर होती, पण वापरात नव्हती.

सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘फेडोरा कोअर ३’मध्ये धोरणच बदलले. त्याला ‘टार्गेटेड’ म्हटले गेले. इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या मोजक्या सेवा तेवढ्या बांधून ठेवायच्या. वेबसर्व्हर, नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा, यंत्रांना पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा अशा. हल्ला येणार तो बहुधा याच वाटेने. वापरकर्ता स्वतः चालवतो त्या प्रोग्रॅमना मात्र मोकळीक. हे धोरण मूळ कल्पनेपेक्षा उघडपणे सैल होते, पण ते पहिल्या दिवसापासून सुरू ठेवता आले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००५ मध्ये, ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४’ या व्यावसायिक प्रणालीतही तेच आले. नंतरच्या वर्षांत बांधलेल्या सेवांची यादी वाढत गेली. आज जगभरच्या सर्व्हरवर एसईलिनक्स चालते ते या सैल केलेल्या रूपाच्या जोरावर.

त्याचा उपयोग किती, हे फेब्रुवारी २०१९ मध्ये दिसले. सर्व्हरवर ‘कंटेनर’ चालवणाऱ्या ‘रनसी’ या साधनात गंभीर त्रुटी सापडली. कंटेनरमधल्या प्रोग्रॅमला बाहेर येऊन मूळ यंत्राचा ताबा घेता येत होता. आपल्या प्रणालीवर एसईलिनक्स मुळातल्या सेटिंगप्रमाणे सुरू असेल तर हा हल्ला अडतो, असे रेड हॅटने जाहीर केले. ज्यांनी ते कधी काळी वैतागून बंद केले होते, त्यांना मात्र घाईघाईने दुरुस्ती बसवण्यावाचून पर्याय नव्हता.

मग लोक ते बंद का करतात?

कारण त्याचा नकार कळतच नाही. समजा, एखाद्याने आपल्या होम फोल्डरमध्ये वेबपान तयार केले आणि ते वेबसर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवले. परवानग्या तपासल्या तर बरोबर दिसतात. फाइलही जागेवर आहे. तरी ब्राउझरमध्ये ‘४०३’ चूक येते. झालेले असे असते की फाइल हलवताना तिचे जुने ‘होम’चे लेबल तिच्यासोबत आले आणि वेबसर्व्हरला त्या लेबलला हात लावायला मनाई आहे. हलवण्याऐवजी प्रत काढली असती तर नव्या जागेचे लेबल लागले असते. ‘रिस्टोअरकॉन’ ही एक आज्ञा दिली की लेबल दुरुस्त होते, काम दहा सेकंदांचे. पण हे माहीत नसलेला माणूस तासभर डोके फोडतो. मग कोणी तरी त्याला ‘सेटएन्फोर्स ०’ लिहायला सांगतो. पान उघडते आणि तो निष्कर्ष काढतो की एसईलिनक्स हीच कटकट आहे. चूक त्याची एकट्याची म्हणता येणार नाही. नकाराचे कारण समोर न सांगता नोंदवहीत पुरून ठेवणारी सुरक्षा अशीच बंद पडणार.

विंडोजचा अनुभव याहून वेगळा नाही. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने ‘यूएसी’ आणले. काहीही बदल करायचा तर पडदा काळवंडून ‘पुढे जायचे का?’ असे विचारणारी ती खिडकी. लोकांना वैताग यावा, हाच हेतू होता, असे मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी २००८ मध्ये एका परिषदेत सांगितले. वापरकर्ते वैतागले की सॉफ्टवेअर कंपन्या विनाकारण मोठे अधिकार मागणे सोडतील, असा तो हिशेब. काही कंपन्यांनी सोडलेही. पण लोक न वाचता ‘हो’ दाबायला शिकले आणि अनेकांनी ते बंदच केले. विंडोज ७ मध्ये चार पायऱ्यांची सरकपट्टी आली आणि खिडक्या कमी झाल्या. त्यातही एक घोळ होता. २००९ च्या चाचणी आवृत्तीत ही सरकपट्टी खाली ओढण्यासाठीच परवानगी लागत नव्हती, म्हणजे एखादा घातक प्रोग्रॅमही ती गुपचूप ओढू शकत होता. दोन तंत्रब्लॉगरांनी ते दाखवून दिल्यावर मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली.

हा वाद किती जुना?

पासवर्डइतका. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९६० च्या दशकात ‘सीटीएसएस’ ही एक यंत्र अनेकांनी वापरण्याची प्रणाली होती. तिथे पासवर्ड आले आणि लगेच त्यातून पळवाटाही निघाल्या. ॲलन शेर या विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळत. त्याने १९६२ मध्ये पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम केले. पुढे एकदा तर गोंधळात दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड प्रत्येकाच्या टर्मिनलवर उमटले.

उलट टोकही त्याच संस्थेत होते. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेने आपल्या ‘आयटीएस’ प्रणालीत पासवर्डची सक्ती ठेवलीच नाही. १९७७ च्या सुमारास शेजारच्या प्रयोगशाळेत पासवर्ड आले, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी सहकाऱ्यांना पासवर्डची जागा रिकामी ठेवण्याचे आवाहन केले. सुमारे २० टक्के लोकांनी ते ऐकलेही. एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या माणसांत ते चालून गेले. अनोळखी लोक तारेने जोडले गेल्यावर ते चालणे शक्य नव्हते.

सैल करायचेच असेल तर कसे?

जाणकार व्यवस्थापक आधी कुलूप काढत नाहीत, आधी नोंद वाचतात. नेमके काय अडले हे कळले की तेवढीच वाट मोकळी करता येते. एसईलिनक्समध्ये अशा तयार खुंट्या आहेत. उदाहरणार्थ, वेबसर्व्हरने बाहेरच्या यंत्राशी स्वतःहून संपर्क साधू नये असा मूळ नियम असतो. ऑनलाइन फी भरून घेणाऱ्या साइटला तो साधावाच लागतो. त्यासाठी एक खुंटी फिरवली की पुरे, बाकीचे नियम जागेवर राहतात.

तेही जमत नसेल तर ‘परमिसिव्ह’ म्हणजे अडवू नको, फक्त नोंदव, ही अवस्था आहे. ती अख्ख्या यंत्राऐवजी एकाच सेवेला लावता येते. पूर्ण बंद करणे आणि ही अवस्था यांत मोठा फरक आहे. पूर्ण बंद असताना तयार होणाऱ्या फाइलींवर लेबलच लागत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करायचे म्हटले तर सगळ्या डिस्कवर नव्याने लेबले लावावी लागतात, आणि त्या भीतीने पुन्हा सुरू करणे राहूनच जाते. नोंदींवरून आपोआप नवे नियम लिहून देणारे साधनही आहे, पण ते डोळे मिटून वापरू नये. अडलेल्या गोष्टींत आपल्या कामासोबत एखाद्या घुसखोराचा प्रयत्नही असू शकतो आणि ते साधन दोघांनाही सारखीच परवानगी देते.

‘सुडो’ची कल्पनाही याच विचारातली. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील केंद्रात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ती लिहिली. सगळ्यांना रूटचा पासवर्ड वाटण्याऐवजी ठरावीक माणसाला, ठरावीक आज्ञेपुरता अधिकार द्यायचा आणि कोणी काय केले ते लिहून ठेवायचे. बॅकअप घेणाऱ्याला बॅकअपचीच आज्ञा. कार्यालयातल्या सामायिक फोल्डरलाही हाच न्याय लावता येतो : ‘एव्हरीवन’ऐवजी लेखा विभागाचा एक गट करावा आणि त्यात तिघांचीच नावे घालावीत.

फोनमध्ये हे कुठे बसते?

अँड्रॉइडने फेडोराचा धडा बरोबर गिरवला. २०१३ मध्ये ४.३ आवृत्तीत एसईलिनक्स आले ते फक्त नोंद करणाऱ्या अवस्थेत. त्याच वर्षी ४.४ मध्ये मोजक्या महत्त्वाच्या सेवांवर ते प्रत्यक्ष लागू झाले आणि २०१४ मध्ये ५.० पासून सगळीकडे. वापरकर्त्याला त्याचा पत्ताही लागला नाही. फोन ‘रूट’ करणारे किंवा बाहेरची रॉम टाकणारे काही जण ते पुन्हा सैल करतात. अशा फोनवर बँकांची आणि यूपीआयची अनेक ॲप चालायला नकार देतात.

सामान्य माणसाच्या हातात मात्र वेगळी बटणे आहेत. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ‘अनोळखी ॲप बसवणे’ ही परवानगी सरसकट राहिली नाही, प्रत्येक ॲपसाठी वेगळी झाली. म्हणजे ती ब्राउझरला दिली तरी व्हॉट्सॲपला मिळत नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ ने आणखी एक अडसर घातला. बाहेरून बसवलेल्या ॲपला ‘ॲक्सेसिबिलिटी’चा अधिकार सहज देता येत नाही, ते बटण पुसट दिसते. हा अधिकार अंध वा अपंग वापरकर्त्यांच्या मदतीसाठी आहे. तो मिळालेल्या ॲपला पडद्यावरचे वाचता येते आणि वापरकर्त्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. भाडेकरूंमधल्या सगळ्या भिंती एका फटक्यात निरुपयोगी होतात.

म्हणूनच फसवणारे आता फाइल पाठवून थांबत नाहीत. ते फोनवर बोलत राहतात. ‘ॲप इन्फो’त जा, वरच्या तीन टिंबांवर दाबा, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ला परवानगी द्या, अशी एकेक पायरी सांगतात. प्रणालीचे कुलूप त्यांना तोडता येत नाही; ते मालकाकडूनच उघडून घ्यावे लागते. बँक, आरटीओ किंवा पोलिसांना कोणाच्या फोनमधले हे सेटिंग बदलून घेण्याचे काहीच काम नसते. समोरचा माणूस तिथवर नेत असेल तर फोन ठेवून द्यावा.

एकदा सरकवलेले बटण बरेचदा तसेच राहते. सेटिंगमध्ये ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’ आणि त्यात ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ अशी यादी असते. कंपनीनुसार नाव आणि जागा थोडी बदलते. व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर यांच्यासमोर परवानगी सुरू दिसली तर ती बंद करता येते, त्याने आधी बसवलेली ॲप जात नाहीत. ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या यादीत अनोळखी नाव दिसले तर तो अधिकार काढून ते ॲप लगेच उडवावे. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीचा क्रमांक १९३० आहे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ती रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.